डँडेनाँगच्या निकची आई

भाईंदर पूर्व
१५ मे २००९

निकेतदादा,

माणूस म्हातारा झाला हे सरकारला कसं कळतं? परवा जेवताना आईने विचारलं आणि मी, राज्यशास्त्राची फर्स्ट क्लास बी.ए., हातात घास धरून बसून राहिले. खरं सांगते, मला उत्तर येत नाही.

प्रश्न तुमच्याच देशावरून निघाला. तू कधी विचारलं नाहीस म्हणून तुला माहीत नसेल, गेल्या ऑक्टोबरपासून मी नोकरी करते. काशीमीऱ्याला, हायवेला लागून, टायरच्या गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर. ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे इंटरनेटवरून येतं आणि आम्ही वीसजण ते शब्द न् शब्द टाइप करतो. पायाखाली पेडल असतं. मधे दाबलं की आवाज पुढे जातो, डावीकडे दाबलं की मागे येतो. हा मजकूर तिकडच्या एका कंपनीला जातो आणि तिच्याकडून सगळ्या पक्षांच्या कार्यालयांना. म्हणजे लोक सरकारबद्दल काय बोलतात ते सरकारला कळावं म्हणून मी काशीमीऱ्यात बसून टाइप करते. हस, हवं तर. मला अभिमान आहे.

नियम कडक आहेत. फोन करणाऱ्याचं नाव, गाव, आणि शेवटी एक शेरा: बाजूने, विरोधात किंवा तटस्थ. ऐकू आलं नाही तर कंसात ‘अस्पष्ट’ लिहायचं, पण त्याआधी तीनदा मागे जाऊन ऐकायचं. आठ महिन्यांत माझ्या कामात सगळ्यात कमी ‘अस्पष्ट’ निघाले. नीरज, आमचा टीम लीडर, सगळ्यांसमोर म्हणाला होता, “इसके कान नहीं, कोर्ट है.”

तर मंगळवारी तुमचा अर्थसंकल्प आला. म्हातारपणाच्या पेन्शनचं वय हळूहळू पासष्टवरून सदुसष्ट करणार म्हणे. तेव्हापासून नुसता आरडाओरडा आहे. टाइल बसवणारा ओरडतो, माझे गुडघे पन्नाशीतच गेले. नर्स ओरडते, सदुसष्टाव्या वर्षी मी पेशंट उचलू का पेशंटने मला उचलायचं? सरकारवाले म्हणतात, माणसं आता जास्त जगतात. विरोधक काहीही विचारा, कर्ज, कर्ज, कर्ज. मी हे सगळं रोज घरी सांगते. मला ते आवडतं, दादा. इथे नळाला पाणी का नाही हे विचारायला नगरसेवकाच्या ऑफिसात गेलं की तिथला माणूस विचारतो, “तुम्ही कोणाच्या?” तुमच्याकडे टाइल बसवणारा फोन उचलतो आणि देश ऐकतो.

आईला मात्र वेगळंच पडलेलं. “म्हणजे मी सदुसष्टपर्यंत ताटं बांधायची का गो?” अजूनही ती स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, ताटं कागदात गुंडाळते. मी म्हटलं, “आई, तुला पेन्शनच नाही.” तर म्हणते, “बरं झालं. म्हणजे माझं वय वाढवायला कोणाला मीटिंग नको.”

तू तिकडे रेडिओ ऐकतोस का? सहज विचारलं.

स्वप्नाली


१७ मे २००९

दादा,

सहज विचारलं नव्हतं.

काल इथे लोकसभेच्या निकालाचे फटाके वाजत होते आणि मी दार लावून परवाचंच पत्र परत परत वाचत होते. किती शहाजोगपणे लिहिलंय! शेवटची एक ओळ लिहायची होती, तिच्याआधी दीड पान भाषण. नंतर ते तसंच पोस्टात टाकलं म्हणून आता हे लिहिणं भाग आहे.

गुरुवार, चौदा मे. सकाळचा कार्यक्रम. “पुढचा फोन, डँडेनाँगहून निक.” डँडेनाँग म्हणजे तुमच्या मेलबर्नचं उपनगर. तू ‘हॅलो’ म्हणालास आणि माझा पाय पेडलवरून निसटला. बोलायला लागण्याआधी नाक ओढायची तुझी सवय गेलेली नाही. इंग्रजी पार बदललंय, नाक तेच आहे. शेवटचा फोन तू २००७च्या दिवाळीला केलास. त्यानंतर दीड वर्ष आई फोन वाजला की ओला हात पदराला पुसत धावते आणि पलीकडून कोणीतरी क्रेडिट कार्ड विकत असतं. आणि तूच रेडिओवरच्या सूत्रसंचालकाला अभिमानाने सांगितलंस, “मी चाळीस मिनिटं लाइनवर थांबलोय.”

चाळीस मिनिटं, दादा!

आणि मग तू काय बोललास? तू बोललास ते शब्दशः लिहिते, माझं कामच आहे. “माझी आई भारतात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायची. आयुष्यभर. पेन्शन नाही, काही नाही. बासष्टाव्या वर्षी मशीनवरच मेली. तुम्हाला आपल्या लोकांचं हेच करायचंय का?”

आईचं वय अठ्ठावन्न. पॉलिशला ती एक दिवसही बसलेली नाही, पॉलिशला बाबा होते. ते मेले, तेही घरी, कॉटवर, छातीत ती धूळ घेऊन, तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि मी नऊ. तू बाबांचं मरण उचलून आईच्या अंगावर घातलंस, वर तिला चार वर्षं वाढवूनही दिलीस. आणि ‘आपल्या लोकांचं’? तुझे आपले लोक कोण रे?

मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू? तुझं म्हणणं बरोबर होतं. शरीर झिजवणाऱ्या माणसाला आणि खुर्चीत बसणाऱ्याला एकच वय लावू नका, हे मीही म्हटलं असतं. खरी गोष्ट सांगूनही ते म्हणता आलं असतं. पण तुला आई मेलेली लागली.

आता माझं. मी ते वाक्य तीनदा नाही, अकरा वेळा मागे जाऊन ऐकलं. माझ्या आयुष्यात इतकं स्पष्ट मी काही ऐकलेलं नाही. मग टाइप केलं: “माझी आई (अस्पष्ट).” शेरा: विरोधात. फाइल पाठवून दिली.

आईला काही सांगितलेलं नाही. ती विचारते, “ऑफिसात काय झालं? दोन दिवस रेडिओ बंद का तुझा?”

स्वप्नाली


२३ मे २००९

दादा,

मला वाटलं होतं, एक फोन, एक वाक्य, गेलं वाऱ्यावर. तुझी आई काही वाऱ्यावर जायला तयार नाही.

सोमवारी त्या सूत्रसंचालकाने कार्यक्रमाची सुरुवातच केली, “गेल्या आठवड्यात निकने आपल्या आईबद्दल सांगितलं...” मंगळवारी सरकारी पक्षाचा एक खासदार म्हणाला, निकच्या आईला पेन्शन नव्हती, आम्ही ती टिकवू पाहतोय, म्हणून तर वय वाढवावं लागतं. बुधवारी विरोधी पक्षाचा एकजण म्हणाला, सरकार असंच कर्ज काढत राहिलं तर प्रत्येकाची गत निकच्या आईसारखी होईल. तीच बाई, दादा. तिला इकडच्यांनीही खांदा दिला, तिकडच्यांनीही. तिचं नाव काय, हे कोणी विचारलं नाही. गुरुवारी एका आजीबाईंनी विचारलं, निकला जेवणाचा डबा पाठवायचा आहे, पत्ता मिळेल का? इथे आई आमटीत मीठ कमी की जास्त म्हणून माझ्याशी भांडत होती.

एकूण सात वेळा टाइप केलं. मेली, मेली, मेली. सगळं स्पष्ट.

शुक्रवारी नीरजने बोलावलं. “स्वप्नाली, चौदह तारीख की फाइल में ये ‘अस्पष्ट’ क्या है? क्लायंट पूछ रहा है. सब लोग जिस लाइन की बात कर रहे हैं, वही लाइन हमारे यहाँ गायब!”

“सर, आवाज कट हो रहा था.”

त्याने स्पीकरवर लावलं. सगळ्या मजल्याने ऐकलं. खाली टायर उतरवत होते, तरीही ऐकू आलं.

“छोटा बच्चा भी समझ ले. माय मदर डाइड. लिखो.”

मी त्याच्यासमोर उभी राहून लिहिलं. स्वतःच्या हाताने. शेजारी बसणारी हंसा माझ्याकडे बघत होती. जेवणाच्या सुट्टीत तिने डब्यातला थेपला माझ्या पुढ्यात सरकवला. “कोण आहे तो?”

“कोणी नाही.”

“तो पछी रडे छे केम? कोणी नाही त्याच्यासाठी कोण रडतं?”

मग मी तिला सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, “फोन कर स्टेशनला. सांग, खोटं आहे.” मी त्याच तयारीत होते. खरं बोललंच पाहिजे, सार्वजनिक वादात तर बोललंच पाहिजे, कॉलेजात वादविवाद स्पर्धेत मी याच विषयावर ढाल मिळवली आहे. पण मग तिनेच विचारलं, “तुझ्या भावाचं नाव निघालं तर? लोक काय म्हणतील, इंडियन आहे, खोटारडा आहे. पुढे कोण इंडियन फोन करणार?” मी स्टेशनला फोन केला नाही.

एक गोष्ट राहिली आहे. तू गेलास तो २००७चा ऑगस्ट. महापालिकेच्या निवडणुकीचा आठवडा. व्हिसा हातात येईपर्यंत तू घरात चकार शब्द काढला नव्हतास, म्हणून मी तुला पळपुटा म्हणाले. इथे राहून काही बदलायचं सोडून पळतोस, असं बरंच काही. एकोणीस वर्षांची होते, सगळं तोंडपाठ होतं. विमानतळावर मी आले नाही, आजारी होते असं आईने तुला सांगितलं. मी आजारी नव्हते. पाण्याच्या प्रश्नावर निवडणुकीला उभ्या राहिलेल्या आनंदीताईंच्या चिठ्ठ्या वाटत गल्लोगल्ली फिरत होते. त्या पडल्या. पाणी अजूनही एक दिवसाआडच येतं. तुला निरोप द्यायला आले असते तर त्यांची मतं कमी झाली नसती, एवढं आता कळतं.

स्वप्नाली


२ जून २००९

दादा,

तू कुठे आहेस?

गेला आठवडाभर इथल्या टीव्हीवर दुसरं काही नाही. मेलबर्नमध्ये भारतीय मुलांना मारहाण, बँडेज बांधलेले चेहरे, हॉस्पिटलच्या बाहेरची गर्दी. आई कारखान्यात गेली नाही. बाबा गेल्यानंतर तेराव्या दिवशी कामाला गेलेली बाई दोन दिवस टीव्हीसमोर बसली. बातमीत मुलाचं नाव येईपर्यंत श्वास धरायची. नाव दुसऱ्याचं निघालं की सोडायची आणि लगेच स्वतःच्या गालावर मारून घ्यायची, “कोणाच्या तरी पोरासाठी बरं वाटलं मला!” तुझा जुना नंबर मी चौदा वेळा लावला. बंद आहे.

ती जेवेना, तेव्हा माझा धीर सुटला. “आई, तो बरा आहे. मी त्याचा आवाज ऐकलाय. चौदा तारखेला.”

तिने टीव्ही बंद केला. “चौदा तारीख? आणि आज सांगतेस? तुझ्या तोंडाला काय लकवा मारला होता?”

रेकॉर्डिंग ऑफिसबाहेर न्यायला बंदी. नेलं तर नोकरी जाते. मग मी आईलाच ऑफिसात नेलं. रविवारी तिथे फक्त हंसा असते. आई सगळ्यात चांगली साडी नेसली होती, जणू तूच तिथे भेटणार होतास. माझ्या खुर्चीत तिला बसवलं, हेडफोन लावला. पेडल तिने दाबलं नाही, पाय उचलून वर धरले, “मोडायचं काहीतरी.” हंसाने दाबलं.

तुझं नाक ओढणं आलं आणि आई म्हणाली, “सर्दी झाली मेल्याला.” मोठ्याने, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी. पहिल्या खेपेला तिने नुसता आवाज ऐकला. दुसऱ्या खेपेला विचारलं, “काय म्हणतोय?”

दादा, काहीही सांगता आलं असतं. पेन्शनबद्दल बोलतोय, एवढंही खरंच होतं. पण आठ महिने मी शब्दाला शब्द लिहिण्याचे पैसे घेतेय आणि एकदा ‘अस्पष्ट’ लिहून काय झालं तेही पाहिलंय. मी सांगितलं. शब्दाला शब्द.

हंसा खिडकीकडे बघायला लागली.

आईने हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवला. “मशीनवर?”

“हो.”

“पॉलिशच्या?”

“हो.”

“मला पॉलिशला कोण घेतंय!” खाली हायवेला ट्रक लागलेले, हॉर्न वाजत होते. “मीच म्हटलं होतं त्याला. दारात. गेलास तर आई मेली समज. तू नव्हतीस तेव्हा, चिठ्ठ्या वाटत होतीस. त्याने ऐकलं, एवढंच.”

हे मला पावणेदोन वर्षांत कोणी सांगितलेलं नाही. तूही नाही, तीही नाही. दोघेही एकाच मातीचे. मी मात्र घरात बसून समजत होते की तू माझ्या ‘पळपुट्या’वर रागावलायस. केवढा माझा गर्व!

मी म्हटलं, “आई, असं रागात सगळेच बोलतात. म्हणून माणूस रेडिओवर जाऊन सांगत नाही.”

तिचं लक्ष नव्हतं. “मग? सरकारने ऐकलं त्याचं?”

“कुठलं! सदुसष्टच करणार.”

“मग फुकटच मेले गो मी,” आई म्हणाली.

हंसाला हसू आवरेना. मग मलाही. आई आमच्याकडे रागाने बघत होती, कारण ती विनोद करत नव्हती.

रिक्षात ती म्हणाली, “त्याला सांग.” काय सांगू? कुठे सांगू? तू माझी तीन पत्रं घेऊन गप्प बसलायस. आधीच्या पत्त्यावर राहतोस की नाही तेही माहीत नाही. तुझा पक्का पत्ता एकच, तो कार्यक्रम.

स्वप्नाली


९ जून २००९, मंगळवार

दादा,

शनिवारी मी राजीनामा नीरजच्या टेबलावर ठेवला. आमच्यापैकी कोणीही त्या रेडिओ स्टेशनांशी संपर्क करायचा नाही, असा कागद मी सही करून दिलेला आहे. नियम मोडून नंतर पकडलं जायचं मला नको होतं. नीरज म्हणाला, “पागल हो गई क्या? अप्रेजल आ रहा है.” मी त्याला कारण सांगितलं नाही. आईला सांगितलं, तर म्हणाली, “दुसरी मिळेल. इंग्रजी येतं तुला.” काल तिकडे सुट्टी होती, म्हणून आजचा दिवस धरला.

सकाळी पावणेसातला आम्ही दोघी गोडदेवच्या दाजींच्या टेलिफोन बूथवर गेलो. शटर अर्धंच वर होतं. तिकडे सव्वाअकरा. दाजी म्हणाले, “ऑस्ट्रेलिया? पोरगा बरा आहे ना?” आई म्हणाली, “तेच बघायचं.” 

फोन एका मुलीने उचलला. नाव? मी आईचं सांगितलं, मंदा. कुठून? भाईंदर, इंडिया. इंडिया म्हटल्यावर ती एकदम सावध झाली आणि मला लगेच पुढे टाकलं. तू चाळीस मिनिटं थांबलास, मी सहाच. हल्ली आपल्याला भाव आहे.

सूत्रसंचालक अगदी हळव्या आवाजात म्हणाला, “मंदा, तुमच्या देशात आमच्याबद्दल फार राग आहे का?”

मी म्हटलं, “मी पेन्शनच्या वयाबद्दल फोन केलाय.”

“पण विद्यार्थ्यांवरचे हल्ले...”

“त्याबद्दल रागच आहे. पण फोन पेन्शनच्या वयाबद्दल आहे.”

तो हसला. दाजींनी पंखा बंद केला, मला नीट ऐकू यावं म्हणून. आई रिसीव्हरला कान लावायला बघत होती, तिचं डोकं माझ्या डोक्यावर आपटत होतं.

मी जे बोलले ते असं. अठ्ठावन्न वर्षांची एक बाई भाईंदरच्या कारखान्यात रोज ताटं कागदात बांधते. नवरा पॉलिशच्या धुळीने चाळिशीत गेला. तिला पेन्शन नाही, सदुसष्टलाही नाही आणि नंतरही नाही. ती मेलेली नाही. तुमच्या दोन्ही पक्षांनी महिनाभर मेलेल्या बाईचा दाखला दिला, मेलेली बाई वाद घालत नाही म्हणून सोयीची असते. जिवंत बाईचा दाखला द्या, तो पुरतो. तिच्याकडे बघून सांगा, अंगमेहनत करणाऱ्याला आणि कचेरीत बसणाऱ्याला एकच वय कसं.

तुझं नाव घेतलं नाही. निकचं नाही आणि निकेतचंही नाही. ऐकणाऱ्या सगळ्या लोकांत ही कोणाबद्दल बोलते ते कळणारा एकच माणूस होता. तो ऐकत होता की नाही, मला माहीत नाही.

“ही बाई तुमच्या ओळखीची?” त्याने विचारलं.

“माझ्या शेजारी उभी आहे,” मी म्हटलं. आणि ‘कर्जाचं म्हणाल तर’ असं माझं पुढचं वाक्य सुरू केलं. कर्जाबद्दल मी चार मुद्दे काढले होते, वहीच्या पानावर लिहून आणले होते. आईने माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने ओरडली, “मी हाय रे!”

आणि फोन ठेवून दिला.